कंचेभागुबेव येत असूनही सीच्या & नं मला पाडलं

निपाणीकडच्या मराठी शाळेत कंचेभागुबेव पाठ केलं तेव्हा वाटलेलं की हा क्रम एकदा कळला की जन्मभर पुरतो. व्हीटीयू या इंजिनियरिंगच्या विद्यापीठाखालच्या कॉलेजला आलो, पायथॉन शिकलो, सगळं बरं चाललेलं. मग एका प्लेसमेंट टेस्टला फक्त सी भाषा होती, आणि सम संख्या मोजायच्या प्रश्नात मला शून्य पडलं. बस स्टँडवर आईचा फोन आला, "कसा गेला रे पेपर?" मला बोलवेनाच. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

लिहिलेलं एवढंच, संख्या & १ == ०. या चिन्हानं १ बरोबर संख्येचा शेवटचा बिट (० किंवा १) तेवढा मिळतो, तो शून्य असला तर सम. पायथॉनमध्ये & हा == पेक्षा घट्ट, म्हणजे त्याचा हिशोब आधी, म्हणून ६ घेतलं तर आधी ६ & १ होतं, ० येतं, ० == ० खरं. सीमध्ये उलटं, == घट्ट. आधी १ == ० होतं, ते खोटं म्हणजे ०, मग ६ & ० म्हणजे परत ०. ६ च्या जागी ८ घाला, १०० घाला, काहीही घाला, उत्तर ० च, अट कधीच खरी होत नाही आणि प्रोग्रॅम बिनबोभाट चालतो. जीवघेणं ते हेच. जावात ही ओळ कंपाइलच होत नाही, इंट आणि बूलियनचं & तिला चालत नाही, म्हणून वाचता. जावास्क्रिप्ट सीसारखीच गप्प चुकते. गो आणि रस्टमध्ये & घट्ट, तिथं बरोबर येतं.

सी अशी का? आधीच्या बी भाषेत && हे 'आणि'चं वेगळं चिन्ह नव्हतंच, इफमध्ये & च "आणि"चं काम करायचा, मग तो == पेक्षा सैल असणंच सोयीचं. && आलं तरी बीमधला कोड सीत आणताना त्रास नको म्हणून & ची जागा तशीच ठेवली. सी बनवणाऱ्या डेनिस रिचीनं १९९३ च्या पेपरात स्वतःच लिहिलंय की बदलली असती तर बरं झालं असतं. हे वाचलं तेव्हा मला खूप हलकं वाटलं.

कोणतं चिन्ह आधी याचा तक्ता पाठ करा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. सीच्या स्टँडर्डात तसा तक्ताच नाही, क्रम ग्रामरच्या, म्हणजे भाषेच्या रचनेच्या नियमांतच आहे, अँड-एक्स्प्रेशन हे इक्वॅलिटी-एक्स्प्रेशनपासून बनतं म्हणून == चा गट आधी बांधला जातो. याक या पार्सर बनवायच्या टूलमध्ये लेफ्ट-राइटच्या ओळी लिहिता तेव्हा खालची ओळ जास्त घट्ट, तिथंही पोरं उलटं धरतात. खानापूरचा एक सीनियर माझ्या टिळकवाडीच्या रूमवर आला, पाठांतर बघून म्हणाला, "काय वाचायलास हे? ग्रामर उघड, झाड काढ." झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलनं त्यानं & वर काढला, त्याच्या एका फांदीला ६, दुसरीला ==, आणि == खाली १ नि ०. दोन मिनिटांत कळलं. असा एक माणूस दहा क्लासपेक्षा भारी.

आणि कंचेभागुबेवही जपून. १० - ३ + २ मध्ये बेरीज आधी केली तर ५ येतं, बरोबर उत्तर ९, कारण दोघं एकाच पायरीवर, डावीकडून उजवीकडं. -२ ** २ (** म्हणजे घात) पायथॉनमध्ये -४, जावास्क्रिप्टमध्ये सिंटॅक्स एरर, आणि एक्सेलमध्ये =-२^२ लिहिलं तर ४.

घाबरू नका, जीसीसी या सीच्या कंपायलरला वॉर्निंग चालू केली की & च्या या ओळीवर तो स्वतःच कंस सुचवतो. मला ते कोणी सांगितलं नव्हतं. परीक्षेत मात्र वॉर्निंग दिसेलच असं नाही, तिथं (संख्या & १) == ० असा कंस हातानंच घाला.