हातातल्या जुनाट नर्व्ह पेनचं कोडिंग : या चुका टाळा

पुण्यात किंवा नवी मुंबईत बसून अमेरिकेतल्या रुग्णांचे चार्ट वाचून विम्याच्या क्लेमसाठी आयसीडी-१०-सीएम या अमेरिकन यादीतले निदानाचे कोड देणाऱ्यांना एम७९.२ तोंडपाठ असतो : न्यूराल्जिया अँड न्यूरायटिस, अनस्पेसिफाइड, म्हणजे नेमकं कुठलं ते न सांगितलेलं नसेचं दुखणं. चार्टमध्ये 'नर्व्ह पेन' दिसलं, हात बरेच महिने दुखतोय असं कळलं, की एम७९.२ टाकायचा, सोबत जी८९.२९ (अन्य जुनाट दुखणं) जोडायचा आणि पुढचा चार्ट उघडायचा. टार्गेट डोक्यावर असलं की असं होतं. पण पेन मॅनेजमेंटचं ऑडिट करताना माझ्या लाल खुणा बहुतेक याच जोडीवर पडतात. हे कोड चुकीचेच असतात असं नाही. सगळं शोधून झाल्यावर हाती काहीच लागलं नाही तर ते वापरायचे. आपल्याकडे सुरुवातच तिथून होते.

टॅब्युलर न उघडता एम७९.२

एनकोडरमध्ये (कोड शोधायच्या सॉफ्टवेअरमध्ये) 'न्यूराल्जिया' टाइप केलं की हा कोड लगेच वर येतो आणि हात तिथेच थांबतो. टॅब्युलरमध्ये (कोडच्या क्रमवार यादीत) त्याच्याखाली एक्सक्लूड्स वन आहे, म्हणजे या कोडसोबत काय द्यायचं नाही याची टीप, ती वाचा. मोनोन्यूरोपॅथी (एकाच नसेचा आजार) म्हणजे जी५६ ते जी५८, आणि ब्रॅकियल रॅडिक्युलायटिस (हाताकडे येणाऱ्या नसेच्या मुळाचा दाह) म्हणजे एम५४.१, हे दोन्ही तिथे स्पष्ट वगळलेले आहेत. डॉक्टरांनी असेसमेंटमध्ये 'अल्नर न्यूरोपॅथी, राइट एल्बो' लिहिलं असेल तर कोड जी५६.२१. एचपीआयमध्ये (आजाराच्या हकिकतीत) रुग्ण दहा वेळा 'नर्व्ह पेन' म्हणाला असला तरी एम७९.२ येत नाही.

जी५६ची, म्हणजे हाताच्या एकेका नसेच्या आजारांची, रचना एकदा डोक्यात बसली की काम हलकं होतं. टिंबानंतर शून्यावर कार्पल टनेल (मनगटात दबलेली मीडियन नर्व्ह), एकवर मीडियन नर्व्हचे बाकीचे आजार, दोनवर अल्नर, तीनवर रेडियल, चारवर कॉझाल्जिया (नस दुखावल्यानंतरची जळजळती वेदना). शेवटचा आकडा बाजू सांगतो : १ उजवी, २ डावी, ३ दोन्ही. हा ३ आयसीडी-१०-सीएममध्ये १ ऑक्टोबर २०१६पासून आला. त्याआधीची चीटशीट अजून कुणाच्या डेस्कवर असेल तर ती फाडून टाका. तिच्यात दोन्ही हातांसाठी ०१ आणि ०२ वेगळे लिहायला सांगितलेलं असतं.

दोन्ही हातांचं कार्पल टनेल आहे, उजव्याचं ऑपरेशन होऊन तो बरा झाला आणि आता रुग्ण डाव्यासाठी आलाय, तर जी५६.०२. जुन्या व्हिजिटमधला ०३ कॉपी करू नका. रुग्ण उजवखुरा की डावखुरा याचा जी५६मध्ये काहीच संबंध नाही, तो हेमिप्लेजियाचा (अर्धांगवायूचा) नियम आहे. निदान पक्कं असताना वर एम७९.६०१ म्हणजे उजवा हात दुखणं जोडण्याचीही गरज नाही. दुखणं त्या निदानातच आलं.

दुखतं हातात, मूळ मानेत

सगळ्यात गुंतागुंतीची जागा ही. 'पेन रेडिएटिंग डाऊन द आर्म' एवढंच लिहिलंय म्हणून रॅडिक्युलोपॅथी (नसेच्या मुळाचा आजार) कोड करता येत नाही. तो शब्द डॉक्टरांनी लिहायला हवा. 'सर्व्हायकल रॅडिक्युलोपॅथी' लिहिलं आणि कारण दिलं नाही, तर एम५४.१२. डिस्कमुळे आहे असं म्हटलं तर एम५०.१ची मालिका, आणि तिथे लेव्हलही लागते : सी५-सी६ असेल तर एम५०.१२२, सी६-सी७ असेल तर एम५०.१२३. स्पाँडिलोसिस (मणक्यांची झीज) असेल तर एम४७.२२. एकाच मुळाच्या दुखण्यासाठी एम५४.१२ आणि एम५०.१२२ शेजारी शेजारी टाकणं म्हणजे डिनायल (क्लेमला नकार) मागून घेणं. तिथेही एक्सक्लूड्स वन आहे.

मग एमआरआयचं काय? नोटच्या तळाशी जुना रिपोर्ट पेस्ट केलेला असतो, त्यात सी५-सी६ डिस्क प्रोट्रूजन दिसतं आणि हात शिवशिवतात. ऑफिस व्हिजिटच्या चार्टमध्ये पाहणाऱ्या डॉक्टरांनी ती डिस्क स्वतःच्या निदानात घेतलेली नसेल तर तुम्ही ती तिथून उचलायची नाही. क्वेरी (डॉक्टरांना लेखी प्रश्न) पाठवा.

याची उलटी चूकही होते. एकाच रुग्णाला मानेतली रॅडिक्युलोपॅथी आणि मनगटातलं कार्पल टनेल दोन्ही असू शकतं. डॉक्टरांनी दोन्ही लिहिलं असेल तर दोन्ही कोड द्या. नवीन कोडर घाबरून एक गाळतात.

'रूल आऊट'चा कोड

'प्रॉबेबल कार्पल टनेल, नर्व्ह कंडक्शन स्टडीला पाठवलं.' ओपीडीत शंकेचं निदान कोड करत नाहीत, म्हणून जी५६.०१ नाही. उजवा तळहात दुखतोय तर एम७९.६४१, मुंग्या येतात तर आर२०.२. इनपेशंटमध्ये डिस्चार्जच्या वेळी 'प्रॉबेबल' असलं तर नियम उलटा आहे. त्यामुळे हॉस्पिटल साइडवरून ओपीडी प्रोजेक्टवर आलेले लोक इथे हमखास अडकतात.

जी८९ : मिठासारखा सगळीकडे नको

गाइडलाइन साधी आहे. मूळ निदान माहीत असेल तर जी८९ (दुखण्याचाच कोड) लावायचा नाही, रुग्ण खास दुखणं आटोक्यात आणण्यासाठी आला असेल तरच लावायचा. त्यामुळे कार्पल टनेल रिलीजच्या केसला फक्त जी५६.०१, ऑपरेशन कारणावर आहे. दुखण्यासाठी न्यूरोस्टिम्युलेटर (नसांना सौम्य वीज देणारं यंत्र) बसवायचा असेल तर जी८९ पहिला, कारणाचा कोड नंतर. निदान ठरलेलं नाही आणि व्हिजिटही पेन कंट्रोलसाठी नाही, तेव्हा हात दुखण्याचा कोड आधी आणि जी८९ मागून.

'क्रॉनिक' कधी म्हणायचं? आयसीडी-११मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या यादीत) तीन महिन्यांची रेघ आहे. आयसीडी-१०-सीएममध्ये अशी कुठलीही मुदत नाही. नोटमध्ये 'आठ महिन्यांपासून' असलं तरी कोडरने क्रॉनिक ठरवायचं नाही, डॉक्टरांनी तसं लिहायला हवं. आणि 'क्रॉनिक पेन सिंड्रोम' हे शब्द जसेच्या तसे नसतील तर जी८९.४ला हात लावू नका. जुनाट दुखणं आणि हे सिंड्रोम एक नाहीत. माझ्या मते हीच चूक सगळ्यात महाग पडते, कारण चुकीचं निदान रुग्णाच्या रेकॉर्डला वर्षानुवर्षं चिकटून राहतं.

सीआरपीएस आणि जुनी दुखापत

सीआरपीएस म्हणजे कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम, हातापायात टिकून राहणारी तीव्र वेदना. टाइप वन म्हणजे जी९०.५१, जुन्या नोट्समध्ये त्यालाच आरएसडी (रिफ्लेक्स सिम्पथेटिक डिस्ट्रॉफी) म्हणतात. टाइप टू म्हणजे कॉझाल्जिया, जी५६.४. टाइप लिहिलेलाच नसेल तर नोटमधल्या वर्णनावरून अंदाज बांधू नका.

समजा, दंडाचं हाड मोडताना उजव्या बाजूची रेडियल नर्व्ह दुखावली आणि दोन वर्षांनी त्याच जागी कॉझाल्जिया आहे. आधी जी५६.४१, मग एस४४.२१एक्सएस. शेवटचा 'एस' सीक्वेलाचा, म्हणजे जुन्या दुखापतीमागे राहिलेल्या त्रासाचा, आणि त्याला मुदत नसते. इथे 'ए' लावणारे पुष्कळ भेटतात, रुग्ण या डॉक्टरांकडे पहिल्यांदाच आलाय म्हणून. 'ए' चालू उपचारासाठी असतो, पहिल्या भेटीसाठी नाही.

टाइप टू डायबिटीस आणि मोनोन्यूरोपॅथी दोन्ही लिहिलं असेल तर 'विथ'च्या नियमाने (दोन्ही असले की संबंध धरायचा) ई११.४१, डॉक्टरांनी संबंध नाही असं स्पष्ट म्हटलेलं नसेल तर. नागिणीनंतरची हातातली आग बी०२.२९मध्ये जाते.

भारतातल्या रेकॉर्डवरून आलेल्यांसाठी

जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१०वर काम केलेल्यांना जी५६.० इथेच थांबायची सवय असते, तिथे बाजू नसते. जी८९ही तिथे नाही. जुनाट दुखणं आर५२.२मध्ये जातं. अमेरिकन क्लेमला असा अपुरा कोड गेला तर तो इनव्हॅलिड म्हणून परत येतो. कोडची यादीही सर्व्हिसच्या तारखेची वापरा. नवीन कोड मुख्यतः १ ऑक्टोबरला लागू होतात, त्यामुळे सप्टेंबरची व्हिजिट नोव्हेंबरमध्ये कोड करत असाल तर जुनीच यादी.

क्वेरी लिहिताना उत्तर डॉक्टरांच्या तोंडी घालू नका. 'हे सी५-सी६ रॅडिक्युलोपॅथीच आहे ना?' हा प्रश्न चालत नाही. 'उजव्या हातात जळजळ, स्पर्लिंग (मानेची चाचणी) पॉझिटिव्ह, एमआरआयमध्ये सी५-सी६ बदल नोंदवले आहेत. हाताच्या दुखण्याचं निदान आणि कारण ठरवता येत असल्यास लिहावं', आणि खाली पर्याय : डिस्कमुळे रॅडिक्युलोपॅथी, पेरिफेरल नर्व्हचा आजार, अन्य, सध्या ठरवता येत नाही. शेवटचा पर्याय निवडून क्वेरी परत आली, तर खुशाल लक्षणाचा कोड द्या.