ऑफशोअर ट्रस्ट: मालमत्ता दिली, पण सोडली नाही? या चुका टाळा

ऑफशोअर ट्रस्ट कोर्टात कोसळतो तेव्हा दोष सहसा तो ज्या परदेशी बेटावर केलेला असतो त्या बेटाचा नसतो. तिथला कायदा ठीक असतो, बँक नावाजलेली असते, दस्त महागड्या वकिलाने लिहिलेला असतो. गोची असते ट्रस्ट करणाऱ्याच्या मनात. मालमत्ता देऊन टाकली असं त्याला जगाला दाखवायचं असतं, पण ती हातातून सोडायची नसते. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच सापडेल.

आधी थोडं रचनेबद्दल, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. ट्रस्ट ही कंपनीसारखी स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती नाही. ट्रस्ट करणारा, म्हणजे सेटलर, आपली मालमत्ता ट्रस्टीच्या नावावर करतो. कागदोपत्री मालक ट्रस्टी, पण ती मालमत्ता त्याने लाभार्थ्यांसाठीच सांभाळायची. १८४० च्या ‘नाइट विरुद्ध नाइट’ निकालापासून इंग्लिश कायदा तीन गोष्टी स्पष्ट मागतो: ट्रस्ट करण्याचा हेतू, नेमकी मालमत्ता आणि लाभार्थी कोण ते. ऑफशोअर म्हणजे एवढंच की ट्रस्टी, आणि बहुधा ट्रस्टला लागू होणारा कायदाही, सेटलरच्या देशाबाहेरचा असतो. जर्सी, गर्न्सी, केमन, बर्म्युडा, ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स, कुक आयलंड्स ही त्यातली नेहमीची नावं. यात मुळात बेकायदा काही नाही. लपवाछपवी केली की मात्र प्रकरण बदलतं.

सगळे अधिकार स्वतःकडे ठेवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि हुशार माणसंच ती जास्त करतात. ‘ट्रस्टीने काही गडबड केली तर?’ ही भीती रास्त आहे. तिच्यापोटी प्रोटेक्टर नावाचं पद निर्माण झालं. ट्रस्टीवर लक्ष ठेवायचं, ठरावीक निर्णयांना संमती द्यायची किंवा नाकारायची, हे त्याचं काम. पण सेटलर स्वतःच प्रोटेक्टर होतो, लाभार्थ्यांच्या यादीतही स्वतःचं नाव घालतो आणि ट्रस्टीला कारण न देता काढण्याचा अधिकारही स्वतःकडेच ठेवतो. मग दिलं काय आणि कोणाला?

रशियन बँकर सर्गेई पुगाचेव यांच्या बाबतीत लंडनच्या हायकोर्टाने २०१७ मध्ये हाच प्रश्न विचारला. न्यूझीलंडच्या कायद्याखालचे पाच ट्रस्ट होते. दस्त खरे होते, ट्रस्टी खरे होते. तरी कोर्टाने प्रोटेक्टरचे अधिकार एकत्र वाचले आणि ठरवलं की हे अधिकार पुगाचेव स्वतःच्या फायद्यासाठी वापरू शकत होते, म्हणून मालमत्ता त्यांच्या ताब्यातून गेलीच नव्हती. घेणेकऱ्यांना वाट मोकळी झाली.

त्याहून बोलकं प्रकरण २०२० चं, ‘वेब विरुद्ध वेब’. मालमत्ता सुरक्षित ठेवण्याच्या बाबतीत ज्यांचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं त्या कुक आयलंड्समधूनच ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे तिथल्या शेवटच्या अपील कोर्टापुढे, गेलं होतं. वाद घटस्फोटानंतरच्या वाटणीचा. नवऱ्याने केलेल्या ट्रस्टमध्ये त्याने स्वतःकडे इतके अधिकार राखले होते, की ते मालकीहून वेगळे काढता येईनात. प्रिव्ही कौन्सिलच्या मते तिथे ट्रस्ट झालाच नव्हता. बेट कितीही कडक असो, दस्त ढिला असेल तर उपयोग नाही.

तुमचा दस्त तपासायचा असेल तर एक सोपी पद्धत आहे. कागदाच्या डाव्या बाजूला अधिकार लिहा: ट्रस्ट रद्द करणं, लाभार्थी घालणं-काढणं, ट्रस्टी बदलणं, वाटपाला नकार देणं, गुंतवणुकीचे आदेश देणं. उजव्या बाजूला प्रत्येकापुढे तो अधिकार कोणाकडे आहे त्याचं नाव लिहा. तेच नाव खाली खाली उतरत गेलं आणि लाभार्थ्यांतही दिसलं, तर वकिलाला आजच फोन करा. एखादा-दुसरा अधिकार राखण्याला हरकत नसते. जर्सीने तर २००६ मध्ये अशा राखीव अधिकारांना कायद्यातच जागा दिली. पण सेटलरच्या देशातलं कोर्ट जर्सीच्या नजरेने बघेलच असं नाही.

दस्ताइतकाच पत्रव्यवहारही बोलतो. ‘शुक्रवारपर्यंत माझ्या खात्यात रक्कम पाठवा’ अशी मेल आणि अर्ध्या तासात ट्रस्टीचं ‘पाठवली’. अशा वीस मेल विरोधी वकिलाच्या हाती लागल्या की ट्रस्टी नामधारी आहे हे सिद्ध करायला त्याला फारसं काही लागत नाही. विनंती करावी, कारण द्यावं, ट्रस्टीला विचार करायला वेळ द्यावा. त्याने कधीतरी नाही म्हटलं तर चिडू नये. ते ‘नाही’ तुमच्याच कामाचं आहे.

तहान लागल्यावर विहीर खणणं

घेणेकऱ्यांना चुकवण्यासाठी मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर करणं इंग्लंडने १५७१ सालीच कायद्याने रोखलं. १६०१ च्या ट्वाइन खटल्यात कोर्टाने अशा व्यवहाराच्या खुणाही सांगितल्या: गुपचूप केलेलं हस्तांतर, दावा चालू असताना केलेलं, सगळंच देऊन टाकलेलं, आणि देऊनही ताबा स्वतःकडेच. चारशे वर्षांनंतरही कोर्टं याच खुणा शोधतात.

कुक आयलंड्सने १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय ट्रस्टचा कायदा केला आणि पुढच्या दुरुस्त्यांनी तो घेणेकऱ्यांसाठी अवघड करून ठेवला. परदेशी निकाल तिथे थेट लागू होत नाही. घेणेकऱ्याला तिथेच, ढोबळमानाने एक-दोन वर्षांच्या मुदतीत दावा लावावा लागतो आणि फसवण्याचा हेतू फौजदारी खटल्याइतक्या कसोटीवर सिद्ध करावा लागतो. हे ऐकून लोकांना वाटतं, प्रश्न मिटला. पण पैसा बेटावर असला तरी माणूस घरी असतो, आणि घरच्या कोर्टाचा हात माणसापर्यंत पोचतो.

अमेरिकेतला लॉरेन्स खटला त्यासाठी वाचावा. शेअर बाजारातल्या एका वादात लवादाचा सुमारे दोन कोटी डॉलरचा निकाल विरोधात येण्याच्या काही आठवडे आधी, १९९१ मध्ये, लॉरेन्सने ऑफशोअर ट्रस्ट केला. पुढे दिवाळखोरीत कोर्टाने पैसे परत आणायला सांगितले. ‘माझ्या हातात नाही’ हे उत्तर कोर्टाने मानलं नाही, कारण ती असमर्थता त्याने स्वतःच निर्माण केली होती. कोर्टाच्या अवमानाबद्दल तो सहा वर्षांहून जास्त काळ तुरुंगात राहिला.

दस्तात असलेल्या ‘दबावाच्या कलमा’चाही असाच भ्रम असतो. कोर्टाने सेटलरवर दबाव आणला की त्याचे अधिकार आपोआप संपतात आणि परदेशी ट्रस्टीने त्याचं ऐकायचं नाही, असं हे कलम. १९९९ च्या ‘अफॉर्डेबल मीडिया’ खटल्यात कुक आयलंड्सच्या ट्रस्टमधलं कलम अगदी लिहिल्याबरहुकूम चाललं: ट्रस्ट करणारे पतिपत्नी स्वतःच सहट्रस्टी होते, त्यांना काढून टाकलं गेलं. अमेरिकी कोर्टाने दोघांना तुरुंगात ठेवलंच. ते प्रोटेक्टर म्हणून शिल्लक होते, म्हणजे ताबा होता, असंही कोर्टाने दाखवून दिलं.

म्हणून कायदेशीर नोटीस येऊन पडली असेल, किंवा ती येणार हे तुम्हाला ठाऊक असेल, तर नवा ट्रस्ट करू नका. करायचाच तर आकाश निरभ्र असताना करावा. उरलेल्या मालमत्तेतून सगळी देणी फिटतात हे दाखवणारं, त्या तारखेचं लेखी विवरणपत्र ट्रस्टीकडे ठेवावं. चांगले ट्रस्टी ते स्वतःच मागतात. जो मागत नाही त्याच्याकडे जाऊ नका.

दस्त झाला, आत काहीच नाही

चूक साधी आहे, पण वारंवार होते. सही झाली, फी भरली, फाइल कपाटात गेली. शेअर अजून जुन्याच नावावर, बँक खातं उघडलेलंच नाही. १८६२ च्या ‘मिलरॉय विरुद्ध लॉर्ड’ निकालाने सांगितलं की अर्धवट राहिलेलं दान कोर्ट पुरं करून देत नाही. हस्तांतर त्या-त्या मालमत्तेच्या रीतीने झालं पाहिजे: शेअर असतील तर कंपनीच्या नोंदवहीत, जमीन असेल तर तिथल्या नोंदणीत.

जमिनीबद्दल एक वेगळी गोष्ट. जमीन जिथे असते तिथल्या कोर्टाच्या हाताखालीच राहते. ट्रस्टी भले दूरच्या बेटावर असो, घर जिथे उभं आहे तिथला न्यायाधीश त्यावर आदेश देऊ शकतो. फक्त घर वाचवायला ऑफशोअर ट्रस्ट करणाऱ्यांचा खर्च बहुधा पाण्यात जातो.

‘तिकडे आहे, म्हणजे कर नाही आणि कोणाला कळणार नाही’

गुप्ततेचा जमाना संपला. २०१६ च्या पनामा पेपर्समध्ये एकाच लॉ फर्मची एक कोटी १५ लाख कागदपत्रं बाहेर आली. पण खरा बदल त्याआधीच ठरला होता. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेने २०१४ मध्ये आखलेल्या, सीआरएस नावाच्या व्यवस्थेनुसार २०१७ पासून देश एकमेकांना खात्यांची माहिती आपोआप पाठवतात. शंभराहून अधिक देश त्यात आहेत. ट्रस्टच्या बाबतीत सेटलर, ट्रस्टी, प्रोटेक्टर आणि लाभार्थी या सगळ्यांची नावं नियंत्रण करणाऱ्या व्यक्ती म्हणून जाऊ शकतात, त्यांनी अधिकार कधी वापरला असो वा नसो. अमेरिका यात नाही, पण तिचा २०१० चा फॅट्का कायदा तिच्या नागरिकांची माहिती जगभरातून गोळा करतो.

कर वाचतो का, हे बेटावर नाही, तर सेटलर आणि लाभार्थी राहतात त्या देशांवर ठरतं. बरेच देश ट्रस्टच्या आरपार पाहून उत्पन्न सेटलरचंच धरतात. शिवाय ट्रस्ट नेमका कुठला रहिवासी, हाही प्रश्न असतो. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फंडी सेटलमेंट प्रकरणात ट्रस्टी बार्बाडोसचा असूनही ट्रस्ट कॅनडाचा रहिवासी ठरवला. महत्त्वाचे निर्णय कॅनडातले लाभार्थी घेत होते, ट्रस्टीकडे फक्त कारकुनी उरली होती.

हे कागदावर कसं दिसतं? ठरावाचा मसुदा सेटलरच्या अकाउंटंटकडून येतो. बेटावर त्याच दिवशी त्यावर सही होते. इतिवृत्तात चर्चेची एक ओळ नसते, एकही पर्याय तपासलेला नसतो, सगळ्या ठरावांची भाषा शब्दशः सारखी. कर अधिकाऱ्याला एवढं पुरतं. ट्रस्टीने स्वतः सल्ला घेतला, प्रश्न विचारले, कधी निर्णय पुढे ढकलला, हे इतिवृत्तात दिसायला हवं. आणि ते नंतर लिहिलेलं नको, तेव्हाचंच हवं.

ट्रस्टी लक्ष ठेवतोय, हा समज

बऱ्याचदा ट्रस्टखाली एक कंपनी असते आणि गुंतवणूक कुटुंबातलंच कोणीतरी सांभाळतं. अशा वेळी दस्तात एक कलम असतं, ज्यानुसार ट्रस्टीने कंपनीच्या कारभारात डोकवायचं नाही. हाँगकाँगच्या अंतिम अपील न्यायालयाने २०१९ मध्ये जर्सीच्या कायद्याखालच्या अशाच ट्रस्टबाबत निकाल दिला: असं कलम असेल तर ट्रस्टीवर वरून देखरेख करण्याचं वेगळं कर्तव्य लादता येत नाही. कुटुंबाचं मोठं नुकसान झालं होतं, भरपाई मिळाली नाही. तुम्ही वर्षाकाठी जी फी भरता तिच्यात देखरेख आहे की नाही, हे दस्तात शोधा, माहितीपत्रकात नव्हे.

इच्छापत्रिका आणि प्रोटेक्टर

पैसा कसा वापरावा याबद्दल सेटलर ट्रस्टीला जी अनौपचारिक पत्रिका देतो ती बंधनकारक नसते, पण कोर्ट ती आवडीने वाचतं. इंग्लंडमधल्या चारमन घटस्फोट प्रकरणात २००७ मध्ये बर्म्युडातला ट्रस्ट मोडावा लागलाच नाही. सेटलरने, म्हणजे नवऱ्याने, मागितले तर ट्रस्टी देईल, एवढं पत्रिका आणि परिस्थितीवरून दिसलं आणि ट्रस्टचा पैसा नवऱ्याच्या साधनसंपत्तीत धरला गेला. पत्रिका जपून लिहा. लग्न, घटस्फोट, मृत्यू झाला की बदला. प्रोटेक्टर वारला तर पुढचा कोण, हेही दस्तात असू द्या. नसेल तर संमतीअभावी ट्रस्ट अडकून पडतो.

बिघडलंच असेल तर

मागच्या तारखेचा कागद करू नका. दिवाणी गोंधळाचं फौजदारी प्रकरण व्हायला तेवढं पुरतं. विवरणपत्रं भरायची राहिली असतील तर नोटीस येण्याआधी स्वतःहून जाहीर करा. बहुतेक देशांत त्याला वेगळी, सौम्य वाट असते. जास्तीचे अधिकार सोडून देता येतात, पण सोडण्याच्या त्या कृतीलाच काही देश नवं हस्तांतर मानून कर लावतात. आधी विचारा, मग सोडा. ट्रस्टी बदलताना नियुक्तीच्या दस्तावर थांबू नका, बँक आणि शेअर नोंदवहीतली नावंही बदला. इथे बरेच जण अडखळतात.

ट्रस्ट करतानाच गंभीर चूक झाली असेल तर कोर्ट तो रद्दही करू शकतं. २०१३ च्या ‘पिट विरुद्ध होल्ट’ खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने अपघातात जखमी झालेल्या माणसाच्या भरपाईचा ट्रस्ट रद्द केला, कारण वारसाकराचा विचारच झाला नव्हता. पण कर चुकवण्यासाठी केलेली कृत्रिम रचना असेल तर दिलासा नाकारला जाऊ शकतो, हेही तिथेच सुचवलं गेलं. जर्सीने त्याच वर्षी ट्रस्टीच्या अशा चुका दुरुस्त करण्याची वाट आपल्या कायद्यात लिहून ठेवली. ट्रस्ट कुठल्या कायद्याखालचा आहे, याचा असा प्रत्यक्ष फरक पडतो.

नकोच असेल तर ट्रस्ट बंदही करता येतो. सगळे लाभार्थी सज्ञान असतील आणि एकमताने म्हणत असतील तर १८४१ च्या ‘सॉन्डर्स विरुद्ध वॉटिए’ निकालाप्रमाणे ते मालमत्ता मागून घेऊ शकतात. लाभार्थ्यांत अजून न जन्मलेली नातवंडं धरली असतील तर मात्र हे जमत नाही. मग ट्रस्टीच्या वाटपाच्या अधिकारातूनच वाट काढावी लागते, आणि ते वाटप कोणत्या वर्षी, कोणत्या देशात राहणाऱ्या लाभार्थ्याला केलं यावर कराचा आकडा ठरतो.