मंडळीच्या किल्ल्या हातात आल्या की काय करायचं

मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, तुम्ही सेक्रेटरी झालात, खजिनदार झालात, वडील (एल्डर) म्हणून निवडून आलात, किंवा नुसती संडे स्कूलची जबाबदारी मिळाली, तरी पहिल्या आठवड्यात एक काम करा. साधी वही घ्या आणि आपल्या हातात नक्की काय काय आलंय ते लिहून काढा. हॉलची किल्ली, शिक्का, चेकबुक, माईक कोणाला द्यायचा ते, प्रार्थना कोणाला सांगायची ते, कोणाच्या घरी भेटीला आधी जायचं ते, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं अ‍ॅडमिनपण. आपण म्हणतो की आमच्याकडे कसली सत्ता, आम्ही तर सेवा करतो, पण ही यादी लिहिली की कळतं सत्ता किती आहे आणि कुठे कुठे लपून बसलीय.

मला हे वही लिहून नाही कळलं. वेंगुर्ल्याच्या बाजूला आमची छोटी मंडळी, तिचा मी सेक्रेटरी होतो. एका बाईंना मुलाच्या होस्टेलसाठी मंडळीचं पत्र हवं होतं. त्यांचं घर दोनेक महिने उपासनेला आलं नव्हतं आणि माझ्या मनात ते होतं, म्हणून मी म्हटलं रविवारी या, मग म्हटलं पाळकसाहेबांशी (पास्टरांशी) बोलतो, मग म्हटलं लेटरहेड संपलंय. लेटरहेड संपलं नव्हतं. तिसऱ्या वेळी त्या एसटीने आल्या तेव्हा बाहेर नुसता धो धो पाऊस, कागद दुधाच्या पिशवीत गुंडाळून पदराखाली धरलेले, आणि मी सही केली, शिक्का मारला, अर्धा मिनिट लागला. पत्र हातात घेऊन त्या शांतपणे म्हणाल्या, "एक सही करूक इतके दिस लागतत रे झिला?" मी काही बोललो नाही. त्यांच्या तीन फेऱ्यांचं तिकीट आणि बुडलेली मजुरी माझ्यामुळे गेली होती, आणि नवरा आजारी होता म्हणून घर उपासनेला येत नव्हतं हे मी विचारलंसुद्धा नव्हतं.

त्या दिवसापासून नियम केला. बाप्तिस्म्याचा दाखला असो, लग्नाचं पत्र असो, शिफारस असो, अर्ज आला त्या तारखेने वहीत नोंद आणि त्याच क्रमाने काम, कोण उपासनेला येतं, कोण वर्गणी देतं हे त्या वहीत येणारच नाही. कोणी येत नसेल तर त्याच्या घरी जा, चहा प्या, काय झालं ते विचारा, पण त्याच्या कागदावर त्याची शिक्षा काढू नका.

बायबलमध्ये मार्कच्या १०व्या अध्यायात याकोब आणि योहान हे दोन शिष्य येशूकडे उजवी-डावीकडची मानाची जागा मागतात आणि बाकीचे दहा शिष्य चिडतात. त्या दहांवर आपण कधी थांबत नाही. मला तरी वाटतं, त्यांना राग आला कारण तीच जागा त्यांनाही हवी होती. म्हणूनच प्रभू सगळ्यांना एकत्र बोलावून सांगतो की जगातले अधिकारी लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं असू नये. कमिटीची निवडणूक जवळ आली की हा भाग घरी एकट्याने वाचा, मोठ्याने.

आता पैशाचं. आपल्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे माशांचं मोठं जाळं, सगळे मिळून ओढतात तेव्हा वाटे वाळूवरच पडतात, दोरीला हात लावलेल्या सगळ्यांसमोर, घरी नेऊन कोणी हिशोब करत नाही. अर्पणाचं तसंच करा. उपासना संपल्यावर तिथल्या तिथे, एकाच घरातले नसलेल्या दोघांनी मोजायचं, आकडा लिहून दोघांनी सही करायची, महिन्याला हिशोब बोर्डावर. कोणी म्हणेल आमच्यावर विश्वास नाही का. त्याला बायबलमधलं २ करिंथ ८ दाखवा, प्रेषित पौल स्वतः दानाची रक्कम एकटा नेत नाही, सोबत मंडळ्यांनी निवडलेली माणसं घेतो आणि सांगतो की आमच्यावर कोणी ठपका ठेवू नये म्हणून ही काळजी. पौलाला साक्षीदार लागले तर आपल्याला का नकोत? ट्रस्ट नोंदलेला असेल तर ऑडिट वेळेवर करा आणि विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्या. जुनीच नावं वर्षानुवर्षं कागदावर राहिली की पुढे जमिनीची भांडणं तिथूनच सुरू होतात.

मीटिंगमध्ये शेवटी बोला. खरंच करून बघा. अध्यक्ष आधी बोलला की बाकीचे माना हलवतात, म्हणून सगळ्यात लहान मेंबरला, नाहीतर कोपऱ्यात बसलेल्या मावशींना आधी विचारा आणि त्या बोलत असताना मोबाईल बघू नका. आणि एक वाक्य कमिटीत वापरायचंच नाही, "प्रभूने मला सांगितलंय". प्रार्थनेत तुम्हाला खरंच काही मिळालं असेल, मी ते नाकारत नाही, पण छपराचे पत्रे कोणाकडून घ्यायचे या चर्चेत ते वाक्य आलं की समोरच्याचं तोंड बंद होतं, त्याला तुमच्याशी नाही तर देवाशी वाद घालावा लागतो, आणि ते कोण करणार? "मला असं वाटतं" म्हणा, मग लोक तुम्हाला चूक आहात असं सांगू शकतात. ते सांगणारी दोन माणसं आधीच ठरवून ठेवा, त्यांना तोंडी सांगा की माझं काही चुकलं तर तुम्ही घरी येऊन बोलायचं. दावीद राजा होता तरी नाथान संदेष्टा त्याची चूक त्याच्या तोंडावर बोलला आणि दाविदाने त्याला हाकललं नाही.

तक्रार लहान मुलाशी झालेल्या लैंगिक गैरवर्तनाची असेल तर वरचं काही लागू नाही. कमिटी बसवायची नाही, पाळकांचं किंवा मंडळीचं नाव जाईल हा विचार करायचा नाही, दोन्ही बाजूंना बसवून माफी मागायला लावायची नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, लपवणाऱ्यालाही शिक्षा आहे. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो. मुलाला तोच तोच प्रसंग चार जणांसमोर सांगायला लावू नका, त्याच दिवशी कळवा.

मंडळीबाहेरही तुमच्या शब्दाला वजन येतं. निवडणुकीच्या आधी कोणीतरी हॉलच्या पत्र्यांचं आश्वासन घेऊन येतंच. चहा द्या, नमस्कार करा, पण उपासनेत त्याला माईक देऊ नका, माईक तुमच्या मालकीचा नाही. वजन वापरायचंच तर गावाच्या पाण्यासाठी, रस्त्यासाठी, शेजाऱ्याच्या दवाखान्यासाठी वापरा, तो कुठल्या धर्माचा हे न बघता. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या लढ्यात उतरले ते पाणी, शेती आणि झाडं वाचवायला, आणि त्यात सगळ्या समाजाची माणसं त्यांच्याबरोबर होती.

सगळी कामं स्वतःकडे ठेवू नका हे मोशेला त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, निर्गम १८ मध्ये सांगितलंच आहे, त्यावर जास्त लिहित नाही. खरं अवघड आहे ते पद सोडणं. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, दोन वर्षांत ते गेलेसुद्धा, आणि आपण अजून रविवारी त्यांची भजनं म्हणतो. तेव्हा पद गेलं की आपलं काही उरणार नाही ही भीती मनातून काढा.

सोडताना असं करा. प्रत्येक किल्लीला चिठ्ठी बांधा, हॉल, कपाट, दानपेटी, पंपाची खोली. बँकेत जाऊन सहीचा बदल नव्या माणसाबरोबर स्वतः करून द्या. अर्धवट कामं, कोणाला कसलं पत्र द्यायचं राहिलंय, एका पानावर लिहून द्या. शिक्का त्याच्या हातात द्या आणि ग्रुपचं अ‍ॅडमिनपण तिथेच उभं राहून काढून टाका. मग पुढचे सहा महिने कोणी सवयीने तुम्हाला फोन करेल, अहो, ते दाखल्याचं जरा बघा ना, तेव्हा नवीन सेक्रेटरीचा नंबर द्या आणि फोन ठेवा.