पिकअपचा हौदा आणि केबिन: खरेदीपूर्वी काय मोजावे

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे (ढेपा) वाहणाऱ्याला, शिरोलीच्या फौंड्रीतून कास्टिंग उचलणाऱ्याला आणि गांधीनगरच्या कापड पेठेतून गाठी नेणाऱ्याला एकच पिकअप सारखीच सोयीची ठरेल असे नाही. म्हणून शोरूमची पायरी चढण्यापूर्वी आपल्या मालामुळे आधी पासिंग (कायद्याने नेता येणारा भार) संपते की हौद्यातील जागा, हे ठरवून घ्यावे. बिडाची (ओतीव लोखंडाची) घनता पाण्याच्या सातपटीहून अधिक असल्याने दीड टन कास्टिंग हौद्यात पसरले, तर मधली पोकळी धरूनही थर वीतभर उंचीचा होत नाही. अशा ग्राहकाने लांब हौद्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. कापडाचे गणित याच्या नेमके उलट आहे.

पासिंगचा आकडा जाहिरातीत पाहू नये. आरसी बुकातील एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की जे उरते, तेवढाच भार कायद्याने चालतो. रिकाम्या वजनात चालक व मदतनीस धरलेले नसतात, त्यामुळे केबिनमध्ये तिघे बसले की तीस किलोचे जवळजवळ सात रवे कमी झाले असे समजावे. भाजीसाठी वर लोखंडी पिंजरा बसवला तर त्याचे वजनही याच हिशेबातून जाते. पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवून घेतल्याने गाडी कमी दबते, पण पासिंग एका किलोनेही वाढत नाही, ही गोष्ट गॅरेजवाले क्वचितच सांगतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये दंड आहे. माल ठरावीक मर्यादेपेक्षा बाहेर काढला तरी २०,००० रुपयांचा दंड वेगळा होतो.

हौदा मोजताना मापे आतून घ्यावीत आणि शक्य असल्यास आपला क्रेट सोबत न्यावा. समजा, हौदा आतून २.७ मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद आहे. साठ बाय चाळीस सेंटिमीटरचे क्रेट त्यात एका थरात आडवे चार आणि लांबीला चार असे सोळा सरळ बसतात व शेवटी फूटभर पट्टी रिकामी राहते. ती पट्टी क्रेट फिरवून भरण्याचा प्रयत्न केला, तरी एखादाच क्रेट वाढतो. पाच थर म्हणजे ऐंशी क्रेट, आणि क्रेट वीस किलोचा धरला तरी भार १,६०० किलो होतो. म्हणजे दीड टन पासिंगची गाडी टोमॅटोने पूर्ण भरण्याआधीच कायद्याने भरलेली असते. आठ बाय चारचा प्लायवूड अशा हौद्यात सपाट बसतो, मात्र ठिबकचा वीस फुटी पाइप बसत नाही. हौसेने घेतल्या जाणाऱ्या चार दारांच्या पिकअपमध्ये हौदा जेमतेम दीड मीटर लांब असतो आणि चाकांचे उंचवटे आत येतात. अशी गाडी शेतावर मिरवायला उत्तम आहे, पण तिच्याकडून मालाची अपेक्षा त्याच बेताने ठेवावी.

हौद्याची जमिनीपासूनची उंची मात्र टेपने न मोजता भरलेला दुधाचा कॅन स्वतः उचलून वर ठेवून पाहावी, कारण दोन गाड्यांतला काही इंचांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो आणि हमालाच्या पाठीला लगेच कळतो. लक्ष्मीपुरीसारख्या गजबजलेल्या भागात गाडीच्या मागे उभे राहायला जागा मिळेलच असे नाही; त्यामुळे बाजूचे फाळके (हौद्याच्या उघडणाऱ्या भिंती) उघडतात का, मागचा फाळका साखळीवर आडवा थांबतो का आणि त्यावर माणूस उभा राहिला तर तो वाकतो का, हे तपासावे. दोर बांधण्याचे हूक नुसत्या पत्र्याला जोडलेले असतील तर ते ओढ बसताच उखडतात, त्यामुळे त्यांच्यामागे भक्कम पट्टी आहे ना, हे खाली वाकून पाहावे. फाळका बंद असताना बोटभर फट राहत असेल, तर सोयाबीन वाटेवर सांडत जाईल. गगनबावड्याच्या पावसात हौद्यात पाणी साचले की गुळाचे नुकसान ठरलेलेच. पाणी निघून जाण्याची छिद्रे आणि ताडपत्री अडकवायच्या जागा त्यासाठी हव्यात. कोकणातून मासळी आणणाऱ्यांनी तळाचा रंग व कोपऱ्यांतील सांधे अधिक बारकाईने पाहावेत, कारण खारे पाणी तेथूनच गंजायला सुरुवात करते.

जड माल मागच्या चाकांच्या थोडा पुढे ठेवता येतो का, हाही हौद्याच्याच सोयीचा प्रश्न आहे. मागच्या चाकांमागे हौदा बराच लांब गेला असेल आणि भार तिथेच पडला, तर पुढची चाके हलकी होतात आणि आंबा घाटाच्या चढावर स्टिअरिंगचा भरवसा कमी होतो.

केबिनकडे ग्राहक सहसा उडत्या नजरेने पाहतात, वास्तविक कमाईचे तास तेथेच जातात. आरसीवर तीन आसने असली तरी मधल्या माणसाचा गुडघा गिअरच्या दांड्याला लागतो का, हे तिघांनी एकत्र बसून, गिअर टाकून पाहावे. इंजिन आसनाखाली असलेल्या छोट्या गाड्यांत हौद्याला लांबी अधिक मिळते, पण मे महिन्यात उष्णता वर येते. बॉनेट पुढे असलेल्या पिकअपमध्ये हा त्रास कमी असतो, मात्र तेवढी लांबी हौद्यातून जाते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या, साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालवाहू वाहनांना वातानुकूलित केबिन बंधनकारक आहे. बहुतेक पिकअप या मर्यादेच्या आत राहतात, म्हणून एसी हवा असल्यास तो मॉडेल निवडतानाच विचारून घ्यावा.

हौदा भरला की मागची काच निरुपयोगी होते, तेव्हा दोन्ही बाजूंच्या आरशांतून मागचे चाक आणि फाळक्याचा कोपरा दिसतो का, हे चालकाच्या आसनावर बसूनच ठरवावे. आसनामागे जॅक, दोर आणि ताडपत्री, तर समोर बिल्टी (मालवाहतुकीची पावती) आणि पाण्याची बाटली ठेवायला जागा नसेल, तर हे सारे सामान अखेर मदतनिसाच्या पायांत येते. चाचणीसाठी रिकामी गाडी स्वीकारू नये; विक्रेत्याकडे भार टाकलेली गाडी मागावी, चढावर थांबवून हँडब्रेक लावावा आणि तेथून ती पुन्हा पुढे काढून पाहावी.