क्रिमिनल जस्टिस, तेही ख्रिस्ती विद्यापीठात: या चुका टाळा

दर वर्षी जुलै उजाडला की पुण्या-नाशकाकडून तेच मेसेज सुरू होतात. "ताई, अमेरिकेत ख्रिस्ती युनिव्हर्सिटीत क्रिमिनल जस्टिसला ॲडमिशन झालीय, काही टिप्स?" (क्रिमिनल जस्टिस म्हणजे पोलीस, कोर्ट आणि तुरुंग यांचा अभ्यास.) टिप्स मागणाऱ्याला खरं तर शॉर्टकट हवा असतो, आणि तो माझ्याकडे नाही. पोरं कुठे कुठे आपटतात ते मात्र पाठ झालंय. शिकत असताना मी कॅम्पसवरच्या रायटिंग सेंटरमध्ये बसायचे आणि आपटलेले पेपर घेऊन सगळे तिथेच यायचे.

पेपरात वचनं पेरणे

माझी सगळ्यात नावडती चूक. कॉलेज ख्रिस्ती आहे, मग बायबलमधलं वचन टाकलं की सर खूश, हा हिशोब. मिसळीवर कोथिंबीर भुरभुरावी तशी वचनं.

सांगलीचा एक हुशार मुलगा होता. विषय मृत्युदंड. वर ठळक अक्षरात निर्गम 21:24, "डोळ्याबद्दल डोळा". शेवटी रोमकरांस पत्र 13, कारण तिथे सत्ताधाऱ्याच्या हातातल्या तलवारीचा उल्लेख आहे. मध्ये चार पानं, फाशीमुळे गुन्हेगारांना जरब बसते अशी. त्याला वाटलं, काम फत्ते. त्याचे सर चर्चमध्ये डीकन (चर्चचे सेवक-पदाधिकारी), आधी बरीच वर्षं प्रोबेशन ऑफिसर (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारे), दर आठवड्याला तुरुंगात बायबल वाचायला जाणारे. त्यांनी पहिल्या वचनाशेजारी लाल पेनने लिहिलं होतं: "मत्तय 5:38 वाचलंस का?" तिथे येशू नेमकं हेच वचन घेतो आणि उलट सांगतो. शिवाय मुळातही तो नियम सूडाला मोकळीक देत नाही, मर्यादा घालतो: डोळ्याच्या बदल्यात डोळाच, जीव नाही. जरबेच्या चार पानांवर एकच प्रश्न होता, "पुरावा?" अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने 2012 सालीच स्पष्ट केलंय की आजवरच्या अभ्यासांवरून फाशीने खून कमी होतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, हे ठरवता येत नाही. लायब्ररीत तासभर बसला असता तर सापडलं असतं. पेपर सी ग्रेड घेऊन परत आला आणि पठ्ठ्या मलाच म्हणाला, "ताई, मला वाटलं इथे असंच चालतं."

नाही चालत. उलट अशा ठिकाणच्या प्राध्यापकांना बायबल तुमच्यापेक्षा कैक पटींनी जास्त येतं, त्यामुळे पकडले जाण्याची शक्यता सरकारी विद्यापीठापेक्षा जास्त. माझी सवय सांगते. पेपर आधी वचनाशिवाय पूर्ण लिहायचा. मग वचन घालून बघायचं. काढल्यावर युक्तिवादाला काहीच फरक पडत नसेल तर ते काढूनच टाकायचं. आणि वापरायचंच असेल तर अख्खा अध्याय वाचायचा.

श्रद्धेबद्दल लिहायचंच असेल तर भरपूर खरा मालमसाला आहे. फिलाडेल्फियातल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना वाटलं, माणसाला एकांतात ठेवलं की तो पश्चात्ताप करेल. तिथल्या वॉलनट स्ट्रीट जेलमध्ये 1790 साली एकांतकोठड्या आल्या, 1829 मध्ये ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी हा तुरुंग उघडला. हेतू चांगला, परिणाम भयंकर: माणसं कोठडीत खचली, आणि 1842 मध्ये चार्ल्स डिकन्सने तो तुरुंग बघून कडक टीका केली. दुसरीकडे कॅनडातल्या एल्मायरा गावी 1974 मध्ये दोन पोरांनी रात्रीतून बावीस ठिकाणी तोडफोड केली, तेव्हा मेनोनाइट या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या एका प्रोबेशन ऑफिसरने न्यायाधीशांच्या परवानगीने त्यांना दारोदार नेऊन नुकसान झालेल्यांसमोर उभं केलं. रिस्टोरेटिव्ह जस्टिसचा (शिक्षेपेक्षा झालेलं नुकसान भरून काढण्यावर भर देणारा न्याय) वर्ग बहुधा या गोष्टीनेच सुरू होतो आणि पुढे या विचाराचे एक प्रणेते, ईस्टर्न मेनोनाइट विद्यापीठाचे हॉवर्ड झेहर, यांच्यापाशी पोचतो. श्रद्धेने काय बिघडवलं आणि काय जमवलं, दोन्ही मांडा. सर मान डोलावतील.

"तू काय केलंस?" विचारणे

पहिल्या वर्षी काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) जेलची भेट असते. फोन, पट्टा, पाकीट लॉकरमध्ये, गळ्यात व्हिजिटरचा बिल्ला, पुढे-मागे डेप्युटी, म्हणजे जेलवरचे पोलीस. एका भेटीत आपल्याच एका मुलीने कॉरिडॉर पुसणाऱ्या माणसाला गोड आवाजात विचारलं, "व्हॉट डिड यू डू?" तो पुसायचा थांबला. डेप्युटीने सगळ्यांना पुढच्या दारापलीकडे काढलं आणि भेट तिथेच आटोपली. सर बसमध्ये काही बोलले नाहीत. पुढच्या तासाला मात्र बोलले.

भावना दुखावल्या एवढंच नाही. काउंटी जेल आणि स्टेट प्रिझन ही दोन वेगळी दुकानं आहेत. प्रिझनमध्ये शिक्षा झालेले लांब मुदतीचे कैदी. जेलमध्ये बहुतांश लोकांवर अजून खटलाच चाललेला नसतो, म्हणजे कायद्याने ते निर्दोषच. त्याने उत्तर दिलं असतं आणि शेजारच्या डेप्युटीने ऐकलं असतं, तर तेच उद्या कोर्टात त्याच्या अंगाशी आलं असतं. नाव सांगा, नमस्कार करा, तो बोलला तर हवामानावर बोला. बघायचंच असेल तर दारं कोण उघडतं, गोळ्या कोण वाटतं, फोनसाठी रांग किती, ते बघा. रिपोर्ट त्यावरच लिहायचा असतो.

मालिका बघून कायदा शिकणे

बेड्या ठोकल्या की लगेच मिरांडा (गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क आहे ही सूचना) म्हणायलाच लागतं, नाहीतर केस रद्द, असं निम्मा वर्ग छातीठोक सांगतो. सुप्रीम कोर्टाच्या 1966 च्या मिरांडा निकालातली ही सूचना कोठडीतल्या चौकशीआधी द्यायची असते. दिली नाही तर तो जबाब सरकारी पक्षाला आपल्या बाजूने मांडता येत नाही, पण केस आपोआप मरत नाही. निकाल स्वतः वाचा. एआयकडून सारांश काढणाऱ्यांनी अस्तित्वातच नसलेले खटले पेपरात घातलेले मी पाहिलेत. त्यावर बोलायची इच्छा नाही.

एफबीआयचं स्वप्न

आई-बाबांनाही हे वाचून दाखवा. एफबीआयला (अमेरिकेची केंद्रीय तपास संस्था) अमेरिकन नागरिकत्व लागतं, विषय संपला. बहुतेक पोलीस खात्यांतही तेच. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे आपल्या विषयात नोकरी करायच्या परवानगीचे, बारा महिने मिळतात. दोन वर्षांची स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या विषयांची) मुदतवाढ साध्या क्रिमिनल जस्टिसला नाही, फॉरेन्सिक सायन्स किंवा सायबर फॉरेन्सिक्सला आहे. बँकांमधलं फ्रॉड आणि कम्प्लायन्सचं (नियमपालनाचं) काम, पीडितांसाठी काम करणाऱ्या संस्था, लॉ फर्म, हे बघा. आणि क्रिमिनल जस्टिस ही वकिलीची पदवी नव्हे.

किरकोळ

चॅपलची (कॅम्पसवरच्या प्रार्थनासभेची) हजेरी हलक्यात घेऊ नका, काही ठिकाणी ती पदवीची अट असते. दारूबंदीच्या नियमावर सही करण्याआधी तो वाचा, नंतर "कल्चर वेगळं आहे" म्हणू नका. एफ-1 वर सेमिस्टरला एकच ऑनलाइन कोर्स पूर्णवेळ शिक्षणाच्या हिशोबात धरला जातो.

स्टॅटिस्टिक्स शेवटच्या वर्षावर ढकलू नका. पोलिसांत नोंदलेले गुन्हे एफबीआय 1930 पासून मोजतंय, तर न नोंदलेले कळावेत म्हणून 1973 पासून घरोघरी पीडितांचं वेगळं सर्वेक्षण चालतं, आणि दोन्हींचे आकडे जुळत नाहीत. का जुळत नाहीत हे समजल्याशिवाय रिसर्च मेथड्सच्या वर्गात बसून उपयोग नाही. पहिल्या वर्षीच नाव घाला, सकाळची बॅच मिळाली तरी घ्या. दुपारच्या जागा आधी भरतात.