पिकअपच्या इंजिनाला थंड हवा: उघडा फिल्टर नको, डबाच नीट करा

बॉनेटखाली उघडा, शंकूसारखा एअर फिल्टर बसवला की टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) आवाज मस्त येतो, पण गाडी ओढत नाही. सायन-पनवेलवर ट्रॅफिकमध्ये खोळंबलेल्या डिझेल पिकअपच्या बॉनेटखाली हवा 60 अंशांच्या वर सहज जाते. बाहेर असते 33. हवा 30 अंशांनी जास्त गरम झाली की तेवढ्याच जागेत ती सुमारे 9 टक्के कमी मावते. म्हणून एअर फिल्टरचा कंपनीचा बंद डबा ठेवूनच काम करायचं.

आधी मोजा. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचणारं यंत्र) लावून मोबाइलवर इनटेक एअर टेम्परेचर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान, बघा, गाडी ताशी 50-60 ने धावत असताना. सिग्नलवर आकडा चढतोच, तो धरू नका. आणि सेन्सर फिल्टरनंतर लगेच, एअर फ्लो मीटरमध्ये (आत जाणारी हवा मोजणाऱ्या भागात) आहे याची खात्री करा. इंटरकूलरनंतरचा (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीनंतरचा) असेल तर तो आकडा इथे कामाचा नाही. बाहेरच्यापेक्षा 8-10 अंश जास्त असेल तर काही बदलू नका. फरक 20 च्या आसपास असेल तर डबा बॉनेटमधली हवा ओढतोय.

बहुतेक वेळा कारण फुकटात सुटणारं निघतं: सर्व्हिसिंगला काढलेली, ग्रिलमागून हवा आणणारी नळी परत बसवलेलीच नसते, किंवा झाकणाची एखादी क्लिप तुटलेली असते. झाकणाचं रबर चपटं झालं असेल तर फिल्टरसकट बदला. डबा ते टर्बो हा होज वाकवून घड्यांमध्ये चिरा तपासा. चीर असेल तर गरम हवेबरोबर न गाळलेली धूळही आत जाते आणि टर्बोची पाती झिजतात.

मग उष्णतेची आड. दीड मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा कापून डबा आणि टर्बो यांच्या मधे उभा करा, कडांना दाराचं रबर चढवा, एक्झॉस्टपासून किमान 25 मिमी अंतर ठेवा. नळी नवी करायची तर ग्लास फायबरवर सिलिकॉन चढवलेली, मूळ तोंडापेक्षा लहान नको. साधी पीव्हीसी नळी उष्णतेने मऊ होते आणि जोरात ओढ लागली की आत चेपते. एअर फ्लो मीटरच्या पाइपाचा व्यास मात्र बदलू नका: रीडिंग चुकतं, डिझेल चुकीचं पडतं. तेल लावायचा कॉटन फिल्टरही नकोच, जास्तीचं तेल त्याच मीटरच्या तारेवर बसतं.

टर्बो गाडीत खरी थंडाई इंटरकूलरची. मेट्रोच्या कामांची धूळ त्याच्या जाळीत चिखलासारखी बसते. इंजिनच्या बाजूने बाहेर, साध्या पाइपाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरने जाळी वाकते.

वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचना बदलण्याच्या आड येतं, त्यामुळे बॉनेट कापून स्कूप (हवेसाठी वर काढलेलं तोंड) वगैरे भानगडीत पडू नका.

नळीचं तोंड ग्रिलच्या वरच्या भागात ठेवा, बंपरखाली कधीच नाही. मुंबईत हिंदमाता किंवा अंधेरी सबवेत पाणी साचलं की खालचं तोंड थेट पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टनचा दांडा (कनेक्टिंग रॉड) वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर स्टार्टर मारू नका. ढकलून बाहेर काढा, डबा उघडा. फिल्टर ओला असेल तर टो करूनच गॅरेजला न्या.