इलस्ट्रेटर व्हायचंय? पोर्टफोलिओ दाखवायला नेण्याआधी या चुका टाळा

अप्लाइड आर्टची चार वर्षं संपली की मुलं जाडजूड पोर्टफोलिओ घेऊन प्रकाशकांकडे जातात. स्टिल लाइफ, जलरंगातला घाट, पेन्सिलीतलं एखाद्या नटाचं पोर्ट्रेट, दोन-चार लोगो. हात छान बसलेला असतो, तरी काम मिळत नाही आणि का ते कुणी सांगतही नाही. बहुतेक वेळा कारण एकच असतं: या चित्रांमध्ये गोष्ट नसते.

कॉलेजातली असाइनमेंट सुटी असते. एक पोस्टर, एक कॉम्पोझिशन, झालं. मुलांच्या पुस्तकाच्या संपादकाला मात्र पहिल्या पानावरची मुलगी सोळाव्या पानावर पाठमोरी, रडताना, पावसात पळताना तीच वाटते का, हे बघायचं असतं. तिसऱ्या पानावर ती आठ वर्षांची आणि नवव्यावर बारा वर्षांची दिसली, तर रंगकाम कितीही सुरेख असो, पुस्तक फसतं. म्हणून पान रंगवायला घेण्याआधी तिला समोरून, बाजूने, मागून काढा. तिची उंची तिच्या डोक्याच्या किती पट ते लिहून ठेवा. आईशेजारी आणि दाराच्या कडीशी ती कुठवर पोचते तेही ठरवा. मग 24 पानांची छोटी कच्ची चित्रं एकाच कागदावर मांडा. सगळ्या पानांवर माणसं सारख्याच अंतरावर उभी दिसली, तर दोन-तीन ठिकाणी अगदी जवळ जा, एका ठिकाणी खूप लांब.

व्यंगचित्रकार वसंत सरवटे पेशाने सिव्हिल इंजिनिअर होते. पण ‘ललित’ मासिकातल्या जयवंत दळवींच्या सदरासाठी त्यांनी काढलेला ठणठणपाळ वर्षानुवर्षं वाचकांच्या ओळखीचा राहिला. पदवीचं मोल मला कमी करायचं नाही, पण संपादक आधी हे सातत्य शोधतो.

मजकुरात आहे तेच चित्रात पुन्हा काढणं ही दुसरी चूक. ‘राजूने दार उघडलं’ असं वाक्य असेल, तर दार उघडताना त्याच्या पायामागे लपलेलं कुत्रं दाखवा.

छपाईकडे तर फारच दुर्लक्ष होतं. इन्स्टाग्रामसाठी 1080 पिक्सेल रुंदीचं केलेलं चित्र 300 डीपीआयला (म्हणजे एका इंचात 300 ठिपके) छापलं तर जेमतेम 9 सेंटिमीटर भरतं. मुखपृष्ठाला ते कसं पुरणार? छापायचा आकार आधी विचारा आणि त्याच मापात काम सुरू करा. चारही बाजूंना 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कागद कापताना जाणारी चित्राची जादा कड, ठेवा. चेहरा बाइंडिंगच्या घडीत जाऊ देऊ नका. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा आणि निळा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंमध्ये, मंदावतो, त्यामुळे चित्राचा सगळा भार अशा रंगावर टाकू नका.

आणि करार. ‘ओळखीतलेच आहेत, कागद कशाला’ असं म्हणून दिवाळी अंकाची चित्रं तोंडी ठरवली जातात, हे बघून खरंच वाईट वाटतं. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. पण निर्धास्त राहू नका: कुणी मोबदला देऊन तुमच्याकडून करवून घेतलेल्या पेंटिंगचा पहिला हक्क, वेगळं ठरलेलं नसेल तर, काम देणाऱ्याकडे जातो. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचंही बरेचदा तसंच. म्हणून स्केच पाठवण्याआधी साध्या ईमेलवर चार गोष्टी पक्क्या करा: चित्र कुठे आणि किती काळ वापरणार, नाव कुठे छापणार, दुरुस्त्या किती वेळा करून द्यायच्या आणि काम मध्येच थांबलं तर किती पैसे मिळणार. हाताने रंगवलेलं असेल तर मूळ चित्र परत कधी मिळेल, तेही त्याच ईमेलमध्ये लिहा.